येते म्हणाली होती

५ मे, रविवार

आजपासून रोजनिशी. घर बदलणं हा एक प्रोजेक्ट आहे आणि प्रोजेक्टची नोंद ठेवलीच पाहिजे. नियम एकच: फक्त मुद्दे. भावनांचा पसारा नको.

हे घर सोडायचं, हे नक्की. कारण शाळा. दुसरं काहीही कारण नाही. थोरली चौदाची, धाकटी सातची. दोघींची सध्याची शाळा म्हणजे नुसता आनंदीआनंद. धाकटीच्या वर्गात भिंतीवरच्या नकाशाचा अर्धा समुद्र उंदरांनी खाल्लाय, आणि बाई उरलेल्या समुद्रावर धकवतायत. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक नामांकित शाळा आहे. पण तिला हद्द आहे. हद्दीत राहणाऱ्यांच्याच मुलांना प्रवेश. म्हणजे आधी घर, मग शाळा. जुलैअखेर दारं बंद.

हिला हॉस्पिटलमध्ये नेलं त्याला या महिन्यात वर्ष होईल. परत आणलं नाही. एवढी नोंद पुरे.

घरात ‘गेली’ हा शब्द वापरायचा नाही, असं मी ठरवलेलं आहे. मुलींना त्रास होतो.

६ मे

थोरली फोनवर मैत्रिणीला सांगत होती की आई गेली ना, तेव्हाच मी केस कापले. अगदी सहज. मग दोघी कुठल्यातरी क्लिपवरून खिदळत बसल्या. पोर दुःख आतल्या आत दाबते आहे. लक्ष ठेवायला हवं.

१२ मे, रविवार

पहिलं घर पाहिलं. एजंट उत्साही गृहस्थ. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की माणूस आधी ऐकू येतो, मग दिसतो. मी त्यांना मनात किल्लीवाले म्हणतो. दोन्ही मुली बरोबर होत्या.

किल्लीवाल्यांनी दार उघडलं आणि माझ्या मागे पाहत विचारलं, मॅडम नाही आल्या? मी म्हणालो, येते म्हणाली होती.

यात खोटं काहीही नाही. हे नीट नोंदवून ठेवतो. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे सगळेच पाळतात. पण ही त्या बाबतीत हेडमास्तरीण. कोणी ‘जातो’ म्हणालं की उंबरठ्यावरून परत बोलवायची. आत या, बसा, पाणी प्या, आणि नीट ‘येतो’ म्हणून निघा. एकदा कुरिअरवाल्यालाही बसवलं होतं. बिचारा सही घ्यायला आला होता, दोन ग्लास पाणी पिऊन गेला. आणि स्वतः हॉस्पिटलला निघाली तेव्हा बॅग माझ्या हातात, श्वास लागलेला, तरी दारात वळून घराकडे बघून नीट ‘येते’ म्हणाली. म्हणजे मी जे सांगितलं ते शब्दशः खरं आहे.

किल्लीवाले म्हणाले, अरे वा, मग मॅडम आल्या की त्यांच्या पसंतीनं ठरवू, किचन शेवटी त्यांनाच बघायचं. मी हो म्हणालो. वाद कशाला घाला. धाकटी माझं बोट धरून होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत होती. ऊन होतं, म्हणून असेल.

घर नापसंत. स्वयंपाकघरातल्या फळ्या फार उंच. हिचा हात पुरणार नाही.

वरचं वाक्य खोडायला हवं. शाईचं पेन आहे, खाडाखोड वाईट दिसेल. राहू दे.

१६ मे

ऑफिसात वादावादी. माझं काम सार्वजनिक बसचं वेळापत्रक आखण्याचं. बसथांब्यावरच्या पाट्यांवर सूचना टाकायचं काम शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं. आज सकाळी एक बस डेपोतून निघालीच नाही, आणि पाटीवर आपलं ‘येत आहे, येत आहे’. माणसं थांब्यावर ताटकळली. मी बाईंना सर्वांसमोर सुनावलं. नियम माझाच आहे, माझ्याच सहीनं निघालेला: बसला उशीर असेल तर ‘येत आहे’, येणारच नसेल तर ताबडतोब ‘रद्द’. माणूस रद्द सहन करतो. चार शिव्या घालतो आणि चालू लागतो. पण त्याला उगाच उभं करून ठेवणं हे पाप आहे, असं मी म्हणालो. बाईंचे डोळे भरून आले. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

१९ मे, रविवार. संध्याकाळी

लिफ्ट बिघडली आहे.

मी ऑम्लेट करत होतो. नेमकी ही ऑफिसातून यायची ती वेळ. बाहेर लिफ्टची घंटी वाजली, दार सरकलं. मी झारा हातात घेऊन तसाच उभा. आता चपला काढल्याचा आवाज, मग पर्स खुर्चीवर, मग ‘काय जळतंय रे?’

काही नाही. दार पुन्हा सरकलं. लिफ्ट खाली गेली. ऑम्लेट खरंच जळालं. छातीत धस्स झालं होतं. पित्त असणार.

२१ मे

आजही. तीच वेळ. लिफ्ट आपल्या मजल्यावर येते, उघडते, थोडी थांबते, मिटते. कोणीही उतरत नाही. समोरच्या घरातले आजोबा खाटेवरून उठत नाहीत आणि बाकीचे दोन ब्लॉक बंद. धाकटीला विचारलं, तुला ऐकू आलं का. ती बुटांच्या नाड्या सोडवत होती. नाही म्हणाली.

संकल्प: घाबरायचं नाही. लेखी तक्रार करायची.

२५ मे

मेकॅनिक आला. त्यानं छताला कान लावला, दोन बटणं दाबली, आणि लिफ्टमधला बल्ब बदलून निघाला. बल्बची तक्रारच नव्हती. कोणीतरी बोलावत असेल साहेब, असं वर खांदे उडवून म्हणाला. असल्या बोलण्यावर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. तरी संध्याकाळी त्या वेळेला रेडिओ मोठा लावला. बातम्या ऐकायच्या होत्या.

ताईचा फोन. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, जगातल्या सर्व प्रश्नांवर तिचं मत तयार असतं. दारातल्या त्या चपला आता तरी उचलल्यास का, म्हणाली. मी समजावलं की हिच्या चपला मी दारात ठेवल्यात त्या केवळ सुरक्षेसाठी. बाहेरच्याला वाटावं, घरात बाईमाणूस आहे. ताईनं फोन ठेवला. पटलं असावं.

२ जून, रविवार

सापडलं! हद्दीच्या ऐन मधोमध. तिसरा मजला, दोन खोल्या मुलींना, रस्त्याला झाडं. शाळेची घंटा घरात ऐकू येते. स्वयंपाकघरात गेलो. फळीच्या उंचीचा मुद्दा मागच्या वेळी आडवा आला होता म्हणून थोरलीला हात वर करून उभी केली. तिचा हात बरोबर वरच्या फळीपर्यंत गेला. हिचा जाई तेवढाच. पाठमोरी उभी होती, केस मानेवर, हात वर.

ही एवढी उंच कधी झाली? मला कोणी सांगितलं नाही.

पाणी प्यायला बाहेर आलो. किल्लीवाले म्हणाले, मालकाकडे आणखी एक कुटुंब येऊन गेलंय, मॅडमना लवकर दाखवा. मी म्हणालो, बघू. तेवढ्यात धाकटीनं मोठ्यानं विचारलं, इथे लिफ्ट कुठे आहे? किल्लीवाले म्हणाले, लिफ्ट नाही बेटा, पण जिना कसा ऐसपैस आहे बघ. तर धाकटी म्हणते कशी, मग आई कशी येणार? किल्लीवाले हसले, येतील की जिन्यानं, आईला काय तीन मजले जड आहेत!

थोरलीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पंख्याचं रेग्युलेटर तपासायला लागलो.

घरी येताना बसमध्ये थोरली पुढच्या सीटवर एकटी बसली. या वयात असतं असं.

३ जून

ताईचा फोन. थोरलीनं तिला सगळं सांगितलेलं दिसतं. तू लोकांना काय सांगत सुटलायस, असा प्रश्न. मी म्हणालो, मी एकही शब्द खोटा बोललेलो नाही. तर ताई रडायलाच लागली. म्हणाली, ती गेली रे बाबा, तू एकदा तोंडानं म्हण तरी. माझ्यासमोर म्हण. मी म्हणालो, रेंज नाहीये, आवाज तुटतोय.

मला माहीत आहे ती कुठे आहे. मी वेडा नाही. सगळ्या कागदांवर सह्या मीच केल्यात. फक्त तो शब्द बोलायला सवड हवी. मुलींची मनःस्थिती बघून बोलावं लागेल.

संकल्प: येत्या रविवारी किल्लीवाल्यांना खरं काय ते सांगायचं.

९ जून, रविवार

किल्लीवाले आजारी. म्हणजे त्यांना सर्दी झाली असेल असं त्यांच्या फोनवरच्या आवाजावरून वाटलं. अशा माणसाला धक्का देणं बरं नाही.

१४ जून

ऑफिसात यंत्रणा बंद पडली म्हणून लवकर सुटलो. बिल्डिंगमध्ये आलो तर लिफ्ट वर जात होती. हल्ली त्या लिफ्टवर माझा भरवसा नाही, जिन्यानं निघालो. आमच्या मजल्याच्या खालच्या वळणावर पोचलो आणि थांबलो.

धाकटी लिफ्टसमोर उभी होती. मोज्यांवर. हातात हिच्या चपला. त्या तिनं लिफ्टच्या दारासमोर खाली ठेवल्या, टोकं आमच्या दाराच्या बाजूला करून, म्हणजे लिफ्टमधून उतरणाऱ्याला लगेच पायात घालता येतील. टाचा उंचावून बटण आधीच दाबलेलं असणार, कारण लिफ्ट आली. दार उघडलं. आतला नवा बल्ब लख्ख. त्या उजेडात चपला आणि तिचे दोन मोजे. ती आत वाकून बघत होती. कोपऱ्यातसुद्धा बघितलं. दार मिटायला लागलं तशी एक पाऊल मागे झाली. मग चपला उचलल्या, फुंकर मारून धूळ उडवली आणि घरात नेऊन जागच्या जागी ठेवल्या.

पाय दुखत होते म्हणून पायरीवर बसलो.

नाही. पाय दुखत नव्हते. मला रडू आलं. तोंडात रुमाल घालून रडलो, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. बारा मेपासून माझी पोर रोज त्या दाराशी उभी राहते आहे, कारण मी एका एजंटला एक वाक्य बोललो.

१५ जून

कालची नोंद नियमात बसत नाही. अतिश्रम.

तरी संकल्प: धाकटीला नीट समजावून सांगायचं. शांतपणे, योग्य वेळ बघून. नव्या घरी गेल्यावर सांगावं हे उत्तम. एका वेळी दोन धक्के नकोत. किंवा घर बदलायच्या आधी. म्हणजे नव्या घराला ती आठवण चिकटणार नाही. दोन्ही बाजूंनी विचार करतो आहे.

लिफ्टबद्दलची लेखी तक्रार मागे घेतली.

२३ जून, रविवार

सांगणार होतो. धाकटी चित्र काढत बसली होती. मी खुर्ची ओढली, घसा साफ केला, बेटा म्हणालो. तिनं चित्र दाखवलं. झाडांचा रस्ता, तीन मजली घर, आणि घराच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवलेली एक लिफ्ट. आपण तिथे गेलो तर अशी बसवून घेऊ, म्हणाली. मी म्हणालो, रंग छान भरलेत.

२८ जून

त्या नामांकित शाळेत मुलाखत. दोन्ही पालकांनी उपस्थित राहावं, असं बजावलेलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. हेडबाई म्हणजे चष्मा साखळीला, आवाज मऊ, टेबलावर एकही कागद इकडचा तिकडे नाही. आम्ही तिघं बसलो, चौथी खुर्ची रिकामी. हेडबाईंनी खुर्चीकडे बघून विचारलं, आईंना यायला जमलं नाही का?

मी तोंड उघडलं. ते वाक्य जिभेवर आलंच होतं. त्याआधी थोरली बोलली. आमची आई गेल्या वर्षी मे महिन्यात गेली, म्हणाली. पाठ केलेली कविता म्हणावी तशा आवाजात, फक्त हात टेबलाखाली घट्ट धरलेले. हेडबाईंनी चष्मा काढला. सॉरी बाळा, म्हणाल्या.

आणि धाकटी उठून उभी राहिली. खोटं, म्हणाली. ही खोटं बोलतेय. आई येते म्हणाली होती, बाबांनी त्या काकांना सांगितलं, माझ्यासमोर सांगितलं. हो ना, बाबा?

तिघीही माझ्याकडे बघत होत्या. खोलीतला एसी फार जोरात होता.

मी म्हणालो, घर नक्की झालं की पुन्हा येतो.

फाटकाबाहेर धाकटीनं विचारलं, तुमच्यातलं खोटं कोण बोलतंय. मी म्हणालो, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. थोरली म्हणाली, बाबा, प्लीज. एवढंच.

मी भ्याड आहे.

३० जून

वरचं शेवटचं वाक्य आज पुन्हा वाचलं. थोडं टोकाचं वाटलं, पण व्याकरण बरोबर आहे.

५ जुलै

किल्लीवाल्यांचा फोन. तिसऱ्या मजल्यावरचं घर दुसऱ्या कुटुंबाला गेलं. तुमच्या मॅडमसाठी मालक किती दिवस थांबणार, म्हणाले. त्यांच्या मॅडम पहिल्याच दिवशी आल्या, बघितलं, हो म्हणाल्या. मी म्हणालो, काही हरकत नाही, त्या घराला तसाही पश्चिमेकडून उन्हाचा त्रास होता. घराची खिडकी उत्तरेला आहे.

आता हद्दीत एकही घर रिकामं नाही. एक आहे, पण ते हद्दीच्या रस्त्याच्या अलीकडच्या फुटपाथवर. पलीकडचा फुटपाथ आत, आपला बाहेर. मी म्हणालो, एका रस्त्यानं काय फरक पडतो. किल्लीवाले म्हणाले, साहेब, त्या रस्त्यानंच तर सगळा फरक पडतो.

१३ जुलै, शनिवार. रात्री

दुपारी ते अलीकडच्या फुटपाथचं घर बघून परत येत होतो. थोरली क्लासला, मी आणि धाकटी दोघंच. थांब्यावर गर्दी. पाटीवर ‘येत आहे’. आम्ही उभे राहिलो. मग पाटी लुकलुकली आणि ‘रद्द’ आलं. लोक करवादले, एक आजी माझ्या खात्याला नको नको ते बोलल्या, आणि बघता बघता सगळे पांगले. कोणी चालत, कोणी रिक्षानं.

धाकटीनं विचारलं, रद्द म्हणजे काय. विषय माझ्या हातचा. मी जरा खुशीतच सांगितलं की बस येणार नसेल तर तसं लगेच सांगतात. म्हणजे माणसं उगाच उभी राहत नाहीत. हा नियम तुझ्या बाबांनी केलाय बरं का.

तिनं रिकाम्या थांब्याकडे पाहिलं. मग विचारलं, मग आई?

एक्स्पर्ट माणूस मी, वेळापत्रक तोंडपाठ, आणि तोंडाला कोरड. ती बोट सोडून माझ्या समोर येऊन उभी राहिली. मी फुटपाथवर उकिडवा बसलो, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणालो, आई गेली, बेटा. ती येणार नाही.

पहिल्यांदा म्हणालो. वर्षात पहिल्यांदा. माझा आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. ती चिडली. कान लाल झाले. म्हणाली, मग इतके दिवस ‘येत आहे’ का दाखवलं?

मी उठून उभा राहिलो.

घरापर्यंत ती माझ्या पुढे चालत राहिली. लांबचं अंतर आहे, पण बोट धरलं नाही. रस्ता ओलांडतानाही नाही. शर्टाची बाही मात्र एकदा पकडली, ट्रक आला तेव्हा.

संध्याकाळी लिफ्ट आली नाही. मी दारात उभा राहून पाहिलं. नाही आली.

आत पलंगावर धाकटी थोरलीच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. दार अर्धवट उघडं होतं. मी दार लावून घेतलं, आणि मग पुन्हा उघडून आत गेलो. तिथे मी काय बोललो ते लिहीत नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच, नुसता बसलो.

१५ जुलै, संध्याकाळी

लिफ्ट शांत आहे. इतकी शांतता बरी नव्हे, बिघाडही असू शकतो. मुली अभ्यासाला बसल्यावर बाहेर जाऊन बटण दाबून बघितलं. आली. उघडली. आत बल्ब जळत होता. मी कोपऱ्यातही नजर टाकली. मिटली, खाली गेली.

नीट चालते.

१७ जुलै

पुन्हा तपासली. नीट चालते.

१८ जुलै

तपासत असताना मागे थोरली येऊन उभी होती, मला कळलंच नाही. मी म्हणालो, मेंटेनन्स. ती म्हणाली, हो. मग माझ्या शेजारी उभी राहिली, दार मिटेपर्यंत. मग म्हणाली, बाबा, आता आत चला, टोस्ट गार होतायत.

२१ जुलै, रविवार

किल्लीवाल्यांना सांगून टाकलं. भाषणाची तयारी केली होती, प्रस्तावना वगैरे. दुसऱ्याच वाक्याला ते म्हणाले, कल्पना होती साहेब. ते तिसऱ्या मजल्याचं घर बघितलं ना, त्याच दिवशी संध्याकाळी मोठीनं मला फोन केला होता, लहानीसमोर मॅडमचा विषय काढू नका म्हणून. मी विचारलं, मग नंतर मला ‘तुमच्या मॅडम’ असं का म्हणालात? ते किल्ल्या चाचपत राहिले. म्हणाले, तुम्हाला विचारलेलं आवडायचं. चेहरा खुलायचा तुमचा.

अलीकडच्या फुटपाथचं घर नक्की केलं. तळमजला. लिफ्टचा प्रश्न नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या नामांकित शाळेचं मैदान पूर्ण दिसतं. प्रवेश नाही, पण दर्शन आहे. मुली आमच्या घरामागच्या साध्या शाळेत जातील. साध्या शाळेत मुलं जमिनीवर राहतात, असं माझं पहिल्यापासून मत होतं.

(मत आजपासूनचं आहे. पण ठाम आहे.)

१० ऑगस्ट, शनिवार

सामान हलवलं. मजूर भराभर खोकी उचलत होते आणि मी मधेमधे येत होतो. हिच्या चपला मी स्वतः बांधणार होतो, म्हणून कागद आणायला आत गेलो. बाहेर येतो तो जागा रिकामी. सगळी खोकी उघडायला लावली. मजूर वैतागले.

चपला थोरलीच्या पायात होत्या. माझ्या सँडलचा अंगठा तुटला, म्हणाली. तिला अगदी बरोबर झाल्यात. मी म्हणालो, जपून वापर. ती म्हणाली, चपला आहेत बाबा, चालायलाच असतात.

शेवटी रिकाम्या घराला कुलूप लावलं. किल्ली वळवताना सवयीनं तोंडातून ‘येतो’ निघालं. जिन्यात दोन्ही मुली उभ्या होत्या. धाकटीनं ऐकलं. तिनं मान हलवली, बाई चुकीच्या उत्तरावर हलवतात तशी. मी खालपर्यंत गेलो. मग काहीतरी विसरलं असं सांगून पुन्हा वर आलो. दारासमोर उभा राहिलो आणि ‘जातो’ म्हणालो. मला कोणी परत बोलावलं नाही. बस, पाणी पी, नीट म्हण, असं कोणी म्हणालं नाही. बराच वेळ थांबलो होतो.

खाली धाकटीनं विचारलं, काय विसरलं होतं. मी म्हणालो, सापडलं.

१८ ऑगस्ट, रविवार

नवं घर. सकाळी चहा करत असताना पाठीमागे चपलांचा तोच आवाज. डाव्या पायाची चप्पल किंचित घासत येण्याचा. वळलो नाही. वळलो नाही तोवर आवाज खरा होता. मग थोरलीनं साखर कुठे ठेवलीय विचारलं.

वरच्या फळीवर आहे, म्हणालो. तिनं हात वर करून काढली.

२ सप्टेंबर, सोमवार

नव्या शाळेचा पहिला दिवस. थोरली नेहमीसारखी ‘येते’ म्हणून निघाली. कोपऱ्यावरून परत आली, कारण पायात चपलाच होत्या. बूट घालून पुन्हा ‘येते’ म्हणाली.

धाकटी दारात थांबली. पाठीवर दप्तर, दोन्ही वेण्या माझ्या हातच्या, म्हणजे एक वर एक खाली. माझ्या डोळ्यांत बघून, अगदी स्पष्ट, म्हणाली, जाते.

मुद्दाम म्हणाली. परत बोलवावं, बसवावं, पाणी द्यावं, नीट म्हणायला लावावं, असं मनात आलं. घरात कोणीतरी हे काम करायला हवं. मी तोंड उघडलं. मिटलं. बरं, म्हणालो.

ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण: काचा. या घराच्या काचा फार मळल्या आहेत, रस्त्याकडच्या खिडकीची तर विचारू नका. जेवण झाल्यापासून तीच घेऊन बसलो. वाट वगैरे बघत नव्हतो.

समोरच्या फुटपाथवरून हद्दीतली मुलं गेली, इस्त्रीच्या कपड्यांत. मग आमच्या बाजूची, शर्ट बाहेर आलेली. मग बराच वेळ कोणीच नाही. मी ओला फडका, कोरडा फडका, पुन्हा ओला. काच काही केल्या स्वच्छ होईना.

मग दारावर लाथ बसली. घंटी दाबायला हात मोकळे नव्हते म्हणे. एका हातात पुठ्ठ्याचं कसलंसं घर, दुसऱ्यात रिबन. शर्टावर शाई. बूट न काढता आत. भूक लागली, म्हणाली. वर्गात एक मुलगी आहे तिला कान हलवता येतात, म्हणाली. मग खिडकीकडे बघून म्हणाली, बाबा, मळ बाहेरच्या बाजूला आहे.

‘जाते’ म्हणून गेली होती. आली.